अस्तराखालची नदी

मास्तरीणबाईंनी जन्मात एक तास शिकवला नव्हता. नवरा शाळेत इतिहासाचा मास्तर, एवढ्या भांडवलावर गल्लीने, दुकानदाराने, पोस्टमनने आणि शेवटी सख्ख्या जावेनेसुद्धा त्यांना मास्तरीणबाई करून टाकलं होतं. चाळीस वर्षं त्यांनी ते ऐकून घेतलं. आणखीही बरंच काही ऐकून घेतलं होतं. पण आज ते सगळं एकदम घशाशी येत होतं, कारण सहलीची बस जुन्या राजधानीकडे निघाली होती आणि मास्तरांच्या मांडीवर तो नकाशा होता.

तिकिटं मुलाने आणि सुनेने काढली होती, लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाची भेट म्हणून. एक दिवस, नऊ स्थळं, जेवणासकट. नकाशा मात्र मास्तरांनी स्वतःच्या डोक्याने आणला होता. दीड हात रुंद, दोन हात लांब, जाड कापडावर रंगीत धाग्यांनी भरलेला राजधानीचा नकाशा. तो अडतीस वर्षं त्यांच्या वर्गात टांगलेला होता. आता वर्गात भिंतीवर प्रोजेक्टरचा पडदा आला आणि नकाशा गुंडाळी होऊन घरी आला. तेव्हा मास्तरांनी राजवाड्यातल्या संग्रहालयाला पत्र लिहिलं, की ही वस्तू मी आपल्याला अर्पण करू इच्छितो. "जरूर आणा," असं उत्तर आलं. दोन ओळींचं ते उत्तर मास्तरांनी अख्ख्या गल्लीला वाचून दाखवलं. दातांच्या डॉक्टरला तर दोनदा दाखवलं, आणि तो डॉक्टर आज बायकोसह याच बसमध्ये पुढच्या सीटवर बसला होता.

सगळं छान होतं. फक्त नकाशातली नदी चुकीच्या बाजूला होती.

हे बाईंना माहीत होतं, कारण वयाची पहिली नऊ वर्षं त्यांनी त्या नदीच्या काठावर काढली होती. वडील पाण्याच्या पंपावर कामाला. पंपघराशेजारी पाच खोल्यांची रांग, त्यातली तिसरी यांची. वडिलांना बहुतेक रात्रपाळी असे. पाळी संपायच्या वेळी आई हिला पिटाळायची, "जा, बाबांना घेऊन ये, नाहीतर तिथेच गप्पा ठोकत बसतील." मग ही धावत जायची आणि पंपघराच्या पायरीवर बसून राहायची. समोर नदी, पाठीमागे राजवाडा, आणि सूर्य पाण्यातून वर यायचा. तो इतका थेट डोळ्यांत घुसायचा की बाबा बाहेर आलेले आधी दिसायचेच नाहीत, त्यांच्या चपला वाजायच्या. नदी राजवाड्याच्या पूर्वेला होती. याच्यासाठी काही इतिहास शिकावा लागत नाही.

पण मास्तरांच्या पुस्तकात नदी पश्चिमेला होती.

लग्नाला चार महिने झाले होते तेव्हाची गोष्ट. मास्तरांनी पुस्तकातली आकृती चौकटी पाडून मोठी केली, पेन्सिलीने कापडावर उतरवली, आणि सुई-दोरा बायकोपुढे ठेवला. तिने कापड पाहिलं आणि म्हणाली, "अहो, नदी या बाजूला नाहीये. पलीकडे आहे."

"पुस्तकात आहे ती चूक का?"

"पुस्तकाचं मला माहीत नाही. मी तिथे राहिलेय. सूर्य पाण्यातून उगवायचा."

"उगवायचा नाही, मावळायचा," मास्तर हसून म्हणाले होते. "तू संध्याकाळी बघितलं असशील. सात वर्षांच्या पोरीला सकाळ काय नि संध्याकाळ काय!"

आता सांगा, सात वर्षांच्या पोरीला सकाळ कळत नाही? जिचा बाप रात्रभर पंप चालवून घरी येतोय, तिला कळत नाही? पण तेव्हा ती एकवीस वर्षांची होती, घर नवं होतं, सासूबाई आतल्या खोलीत होत्या, आणि नवऱ्याच्या हातात छापील पुस्तक होतं. तिने सुई उचलली. सोळा दिवस बसून तिने स्वतःच्या हाताने, निळ्या धाग्याने, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली नदी भलत्या बाजूला भरली. मास्तरांनी मग काळ्या शाईने नावं घातली, दिशा दाखवणारा बाण काढला, आणि खाली कोपऱ्यात स्वतःचं नाव, हुद्दा आणि शाळा वळणदार अक्षरात लिहून टाकली. भरणारीचं नाव लिहायचं असतं हे त्यांच्या गावीही नव्हतं. शेवटी तिने कापडाला मागून पांढरं अस्तर लावलं, चारी बाजूंनी बारीक टाके घालून. "हे कशाला?" मास्तरांनी विचारलं होतं. "धागे निघू नयेत म्हणून," ती म्हणाली होती. ते खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं.

इथवर झालं असतं तरी बाईंनी पोटात घातलं असतं. पण मास्तरांना त्या गोष्टीचा विनोद सापडला. पाहुणे आले, जेवणं झाली, की ते पाय लांब करून सुरू करायचे, "आमच्या हिच्या राजधानीत सूर्य पश्चिमेला उगवतो बरं का!" की सगळे हसायचे. बाई भांडी उचलत असायच्या. मुलगा मोठा झाला तोही हसायला लागला. सून आली, तिला तर साखरपुड्याच्या दिवशीच हा विनोद ऐकवण्यात आला. चाळीस वर्षं एकच विनोद! दुसरा एखादा माणूस कंटाळला असता.

आणि राजधानी काही सातासमुद्रापार नव्हती. बसने तीन तास! तरी मास्तर कधी गेले नाहीत. "मला ती तोंडपाठ आहे, बघायला कशाला जायचं?" असं म्हणायचे. शाळेच्या सहली दरवर्षी धरणावर जायच्या, कारण मुख्याध्यापकांचे मेहुणे तिथे इंजिनिअर होते. एकटीने उठून जावं हे बाईंच्या डोक्यात कधी आलं नाही, आणि आज बसमध्ये बसल्या बसल्या त्यांना या गोष्टीसाठी स्वतःचाही सणसणीत राग आला.

त्यांना फार काही नको होतं. एकदा, चार माणसांत, मास्तरांनी म्हणावं, की तुझं बरोबर होतं. बस्स. आणि ते नाहीच म्हणाले, तर निदान ती चुकीची नदी त्यांच्या हातची म्हणून राजवाड्याच्या भिंतीवर कायमची टांगली जाऊ नये.

बस सव्वानऊला पोचली. सहलीबरोबरच्या मुलीने लाल झेंडी उंच धरली आणि पस्तीस माणसं तिच्या मागे निघाली. तिकीटखिडकी पाहून बाईंचा पाय अडखळला. दगडी जोतं तेच, पायऱ्या तीन, त्याही त्याच. पंपघराला गुलाबी रंग देऊन त्यात जाळीची खिडकी बसवली होती. खोल्यांची रांग होती तिथे हिरवळ आणि "हिरवळीवर चालू नये" अशी पाटी. बाईंनी पाटी वाचली आणि सरळ हिरवळीवरून चालत तिसऱ्या खोलीच्या जागेपर्यंत गेल्या. रखवालदाराने शिट्टी फुंकली. फुंकू दे, त्या मनात म्हणाल्या, मी इथे रांगलेय.

झेंडीवाली सगळ्यांना घेऊन गच्चीवर पोचली होती. पाठीशी राजवाडा, समोर नदी, आणि नदीच्या डोक्यावर सूर्य. लोकांनी डोळ्यांवर हात धरले होते. ती सांगत होती, "राजवाड्याचं तोंड पूर्वेला, नदीकडे आहे. सकाळचं पहिलं ऊन पाण्यावरून थेट दरबारात यावं, अशी रचना—"

"एक मिनिट," मास्तर म्हणाले. वर्गातला आवाज होता तो. "नदी राजवाड्याच्या पश्चिमेला आहे."

मुलीने एकदा सूर्याकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे. "सर, सकाळचे साडेनऊ वाजलेत."

"ते ठीक आहे. पण मी हा विषय अडतीस वर्षं शिकवलाय."

"अहो सर, पण सूर्य—"

"नदीने पात्र बदललं असेल. नद्या बदलतात."

"आणि राजवाड्यानेही तोंड फिरवलं असेल?" बाई मागून म्हणाल्या. चार-दोन लोक हसले. मास्तरांनी मागे न बघताच हात झटकला. "हिचं लहानपण इथे गेलंय. तेव्हापासून हिचा घोळ आहे. आमच्या हिच्या राजधानीत सूर्य—"

"पश्चिमेला उगवतो!" दातांच्या डॉक्टरने वाक्य पुरं केलं आणि खदाखदा हसला.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सूर्य समोर होता. त्याच सूर्याने या डॉक्टरचे डोळे बारीक झाले होते, कपाळावर घाम आला होता, बायको त्याला टोपी घाला म्हणून ओरडत होती, आणि हा गृहस्थ मास्तरांची री ओढत होता! बाजूचे एक आजोबासुद्धा मान डोलावून म्हणाले, "सर म्हणतात त्यात काहीतरी असेल." काय असेल? काय असेल त्यात? माणसाच्या हातात पुस्तक असलं की त्याच्यासाठी लोक सूर्यसुद्धा हलवायला तयार, आणि बाईमाणूस डोळ्यांनी बघितलेलं सांगतेय तर घोळ!

"काकू, तुमचं बरोबर आहे," झेंडीवाली त्यांच्या कानाशी हळूच म्हणाली.

"मग मोठ्याने म्हण ना," बाई म्हणाल्या. ती बिचारी गोरीमोरी झाली. तिची नोकरी होती, आणि दिवसअखेर सगळ्या प्रवाशांकडून अभिप्रायाचे कागद भरून घ्यायचे होते. बाईंना ते समजलं, पण राग काही कमी झाला नाही.

पुढची चार स्थळं धावतपळत झाली. घोड्यांची पागा सात मिनिटं, टांकसाळ पाच, राणीचा हौद नुसता कठड्यावरून. एवढी सगळी माणसं हजार वर्षं जगली-मेली ती यांना सात मिनिटांत उरकायची होती. मास्तर प्रत्येक ठिकाणी आधी नकाशा आठवून उजवीकडे वळत होते आणि प्रत्येक वेळी गर्दी डावीकडे जात होती. "पाट्या चुकीच्या लावल्यात," असं ते तीनदा म्हणाले. पागेच्या दारातून ते सरळ बायकांच्या स्वच्छतागृहापर्यंत जाऊन आले. एरवी बाईंना दया आली असती. आज नाही आली.

संग्रहालय दरबाराच्या मागच्या दालनात होतं. तिथल्या प्रमुख बाई पन्नाशीच्या, गळ्यात दोरीने चष्मा अडकवलेला, बोटांवर शाईचे डाग. त्यांनी मास्तरांना खुर्ची दिली, पत्राची आठवण काढली, आणि लांब टेबलावर दोन सहायकांकडून नकाशा उलगडून घेतला. सहलीची मंडळी भोवती गोळा झाली. मास्तर कोट नीट करून उभे राहिले.

प्रमुख बाई वाकल्या. बराच वेळ बघत राहिल्या. "काय सुंदर हात आहे," असं पुटपुटल्या. मग त्यांना हसू आलं. "सर, तुम्हीही त्या पुस्तकातले का?"

"कुठल्या?"

त्यांनी सगळ्यांना कोपऱ्यातल्या काचेच्या पेटीकडे नेलं. आत तेच पुस्तक होतं, निळ्या पुठ्ठ्याचं, नकाशाच्या पानावर उघडलेलं. शेजारी एक छोटा आरसा उभा करून ठेवला होता आणि आरशात नदी बरोबर बाजूला दिसत होती. "छापताना आकृतीचा ठसा उलटा झाला," त्या म्हणाल्या. "डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. नावं नंतर वेगळी जुळवून घातली, म्हणून ती सरळ दिसतात आणि कुणाच्या लक्षात येत नाही. पुढच्या आवृत्तीत सुधारलं, पण शाळांनी जुनीच पुस्तकं वापरली. दर महिन्याला कुणी ना कुणी येऊन आमच्याशी भांडतं, की तुमची नदी चुकलीय."

डॉक्टरचं हसू आटलं. आजोबा आरशात वाकून बघायला लागले. आणि बाई मास्तरांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. आता. आता तरी. चार काय, पस्तीस माणसं होती. एवढंसं वाक्य होतं ते.

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग घसा साफ करून म्हणाले, "मला तेव्हाच शंका आली होती."

बाईंना वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"पुस्तक मी आंधळेपणाने कधीच मानलं नाही," मास्तरांची गाडी चालू लागली. "मी रेखाटन करताना बहुधा सुधारूनच काढलं असणार. पण ही भरायला बसली, आणि हिने कापडच उलटं धरलं असेल. बायकांच्या हातून असं होतं. मी त्या वेळी तपासायला हवं होतं, ती चूक माझी. ती मी मान्य करतो."

मान्य करतो! सोळा दिवस सुईने बोटं टोचून घेतली ती उलटं कापड धरून? चाळीस वर्षं विनोद केला तो शंका आली होती म्हणून? बाईंना इतका राग आला की त्यांचा आवाज उलट एकदम खाली आला.

"कात्री आहे का हो?" त्यांनी प्रमुख बाईंना विचारलं.

"कात्री?"

"छोटी असली तरी चालेल. टाके उसवायचेत."

"अगं, वेड लागलं का तुला? आता ती संग्रहालयाची वस्तू आहे!" मास्तर पुढे झाले.

"हात लावू नका," बाई म्हणाल्या. लग्नानंतर हे शब्द त्यांनी मास्तरांना पहिल्यांदाच ऐकवले असतील. मास्तर होते तिथे थांबले.

प्रमुख बाईंनी ड्रॉवरमधून कात्री काढून दिली. बाईंनी नकाशा पालथा केला. पांढरं अस्तर पिवळं पडलं होतं. त्यांनी एका कोपऱ्यापासून सुरुवात केली. स्वतःचेच टाके ते, कुठे गाठ मारलीय हे बोटांना माहीत होतं. दालनात फक्त धागे तुटल्याचा आवाज येत होता. वरची कड सुटली, बाजूची सुटली, आणि त्यांनी अस्तर पान उलटावं तसं दूर केलं.

खाली राजधानी होती. शाई जाड कापडातून मागे उतरली नव्हती, त्यामुळे नाव नव्हतं, बाण नव्हता. पण भरीव टाका दोन्ही अंगांनी सारखाच दिसतो, आणि बाईंनी मागच्या अंगालाही एकही गाठ दिसू दिली नव्हती. तटबंदी, पागा, टांकसाळ, हौद, सगळं होतं, आणि उजेड न लागल्यामुळे रंग काल भरल्यासारखे होते. पाठीमागून बघितल्यावर डावं उजवीकडे गेलं होतं आणि उजवं डावीकडे. नदी पूर्वेला होती.

तेवढंच नव्हतं. नदीच्या काठावर, कापडाचा एकेक धागा उचलून, पुढच्या बाजूला कळणार नाही अशा बेताने, पाच बारीक चौकोन भरले होते. त्यातल्या तिसऱ्याला दार होतं. आणि पाण्यावर, शर्टाच्या बटणाएवढा, पिवळा सूर्य.

प्रमुख बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "हे घर कुणाचं?"

"आमचं. पंपाच्या क्वार्टर्समधलं. आता तुमची हिरवळ आहे तिथे."

"म्हणजे नदी पूर्वेला आहे हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

"मला सात वर्षांची असल्यापासून माहीत होतं. सांगितलंही होतं." बाईंनी डॉक्टरकडे पाहिलं. "ते हसण्यावारी गेलं."

डॉक्टर काचेच्या पेटीत काहीतरी शोधू लागला. त्याची बायको मात्र पुढे आली, तिने त्या पिवळ्या बटणाचा फोटो काढला आणि नवऱ्याला कोपराने ढोसलं.

मास्तर जवळ सरकले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "घरी गेल्यावर बोलू आपण."

"घरी नको. इथेच बोला. माणसं आहेत."

मास्तरांनी तोंड उघडलं. मिटलं. जमिनीवरच्या फरशीकडे बघत राहिले. अडतीस वर्षं ज्यांनी न थांबता तास घेतले त्यांना एक वाक्य सापडेना. बाईंनी वाट पाहिली, वर्गात पोराला उत्तर आठवेपर्यंत पाहतात तेवढी, आणि मग पाहायची सोडून दिली.

"सर, हरकत नसेल तर," प्रमुख बाई म्हणाल्या, "आम्ही हा याच बाजूने लावू. पुस्तकाच्या पेटीशेजारी. लोकांना दोन्ही एकदम बघता येतील." त्यांनी खिशातून कागद-पेन काढलं. "पाटीवर भरतकाम करणारीचं नाव घालायचं. काय लिहू?"

झेंडीवालीने घाईने यादी बघितली. "मास्तरीणबाई असं आहे माझ्याकडे—"

"ते खोडा," बाई म्हणाल्या. "मी कधी शिकवलेलं नाही. पंपवाल्याची मुलगी, असं लिहा. इथे सगळे मला तसंच ओळखत."

प्रमुख बाईंनी ते जसंच्या तसं लिहिलं आणि वाचून दाखवलं. दालनात सगळ्यांनी ऐकलं. मास्तरांनी तेवढ्यात मान वर केली. एवढा वेळ शब्द न सापडलेल्या माणसाला आता तीन सापडले.

"आणि माझं नाव?"

"आहे ना," बाई कात्री परत देत म्हणाल्या. "पुढच्या अंगाला, कोपऱ्यात, तुमच्याच अक्षरात. तेवढं भिंतीकडे राहील."